झिरो म्हणजे झिरो

आमच्याकडे विजेला वीज म्हणत नाहीत. वीज आभाळातली, ती पडते. तारेतून येते ती लाईन. लाईन आली, लाईन गेली, लाईन डिम झाली, आज लाईनीनं लय छळलं. आणि तिच्या नावानं जो कागद घरी येतो त्याला मात्र लाईट बिल. असं का, ते मला विचारू नका. मी शाळा दुसरीत सोडली. पुढचं वाचायला शिकले ती या बिलांवरच, आधी आकडे आणि मग अक्षरं. त्यामुळे बिल आलं की वाचायचा मान माझा, आणि ऐकून कपाळाला हात लावायचा मान आमच्या ह्यांचा.

आमचं घर नांदुऱ्यात. स्टेशन इतकं जवळ की मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी आपसात बोलतात. घर म्हणजे तरी काय, रेल्वेचा डबाच. रस्त्याला लागून ओटा, मग बैठक, मग माजघर, मग सयपाकघर, आणि शेवटी परसात मोरी. दोन्ही अंगाला दुसऱ्यांच्या भिंती, वर टिनपत्रे. बैठकीला दारातून उजेड, सयपाकघराला परसातून उजेड, आणि मधल्या माजघराला कुठूनच नाही. भर दुपारी बारा वाजताही माजघरात सुईत दोरा ओवायचा तर दिवा लावावा लागे.

समोर खालाचं घर. खाला म्हणजे पिंजाऱ्यांची. तिच्या घरी कापूस पिंजून गाद्या भरायचं काम, त्यामुळे तिच्या केसांत बारा महिने कापसाचे तंतू. माझी सासू तिला म्हणायची, "खाला, तू तं पांढरी होयाच्या आधीच पांढरी झाली वं." आमच्यामध्ये रस्ता इतका अरुंद की इकडून फोडणी दिली की तिकडे खाला शिंकायची. पण सरकारदरबारी आम्ही दोन वेगळ्या गावचे. आमच्या बाजूची लाईन एका डीपीवरून आणि तिच्या बाजूची दुसऱ्या. भारनियमनाचे दिवस होते. आमच्याकडे लाईन असली की तिच्याकडे नाही, तिच्याकडे आली की आमची गेली. त्याचा आम्हाला राग यायच्या ऐवजी सोयच वाटायची. मिक्सर काखोटीला मारायचा आणि रस्ता ओलांडायचा. मात्र एक रीत होती. दुसऱ्याच्या मीटरवर चटणी वाटली तर भांडं पूर्ण पुसून न्यायचं नाही, चार घास तिथं ठेवायचे. मिरचीची चटणी असो का जवसाची. खालाच्या घरचं लसूण-खोबरं मी त्या लाईनीच्या पायी जितकं खाल्लं तितकं कोणाच्या लग्नात खाल्लं नसेल.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. आमचे हे स्वभावानं गरीब, पण बटणाच्या बाबतीत फौजदार. माणूस बैठकीतून उठायच्या आत पंखा बंद. मी एकदा नुसती पदर सावरायला उठले तर पंखा बंद! सासू म्हणायची, "बापू, माह्या अंगावरची माशी उडाली की तू पंखा बंद करतं. माशी परत येते नं बे!" सासूला मी आत्याबाई म्हणायची आणि हे माय म्हणायचे. आत्याबाई म्हणजे नऊवारी, कपाळावर गोंदण, तोंडात तंबाखूची मिसरी आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं आणि मग समजावं की बोलणं आपल्यालाच बसलं.

तर हे असे का, तेही सांगायला हवं. आमचं थोडं वावर होतं, गावाबाहेर. बीटीचं बियाणं नवं नवं आलं तेव्हा ह्यांनी मोठ्या हौसेनं ती पाकिटं आणली. पहिल्या वर्षी बोंडं अशी लागली की हे पाहुण्यांना जेवायच्या आधी वावर दाखवायला न्यायचे. पाहुणे बिचारे भुकेनं कासावीस, आणि हे म्हणायचे, "अजून थे धुऱ्याकडचं पाह्यलं नाही तुम्ही." मग पुढच्या वर्षांत काय झालं ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कधी पाऊस रुसला, कधी पानं लाल पडून झाड वाळलं, कधी माल चांगला तर भाव नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून नको त्या बातम्या यायच्या. ह्यांनी हाय खाल्ली नाही, पण बोलणं कमी झालं. वावरातून आले की जेवायचे आणि माजघरात जाऊन बसायचे. दिवा न लावता. विचारलं तर म्हणायचे, "बसायले कायले पाह्यजे उजेड? मी काय पुस्तक वाचून राह्यलो?"

कापसानं दगा दिला तरी पऱ्हाटी कधी दगा देत नाही, हे मात्र आमच्या बायकांना माहीत. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटून आणायची, परसात रचायची. पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि भुर्रकन विझते, पण पोळ्या होऊन जातात. गॅसची टाकी पाहुणे आले तरच. राकेल कंदिलापुरतं. सकाळी मोरीतल्या चुलीवर पऱ्हाटीनं पाणी तापायचं. म्हणजे आमच्या घरात लाईन लागायची ती पंखा, कूलर, मिक्सर, बल्ब आणि आमच्या दोन पोरींचा टीव्ही, एवढ्यालाच. आणि मग घरात फ्रीज आला.

माझा भाऊ उंद्रीला राहतो, किराण्याचं दुकान आहे. त्यानं दुकानात नवा मोठा फ्रीज घेतला आणि जुना माझ्या घरी आणला. कधी? भाऊबिजेला! टेम्पोत फ्रीज, फ्रीजला दोरखंड, दोरखंडाला झेंडूची फुलं. मी ताट घेऊन ओवाळते आहे आणि सारी गल्ली पाहते आहे. त्यानं ताटात एक रुपया टाकला आणि टेम्पोकडे बोट दाखवून म्हणाला, "बाकीची ओवाळणी उतरवून घे बाई, चार माणसं बोलाव."

आत्याबाई त्या फ्रीजसमोर पाट टाकून बसली. तो घुर्र करायला लागला तशी म्हणाली, "हे काऊन घोरते वं?"

"थंड करून राह्यलं, आत्याबाई. थंड झालं की आपोआप गप बसते."

थोड्या वेळानं तो गप बसला. आत्याबाई खूश. "म्हणजे आपल्या पोरासारखं हाये. पोट भरेलोग कुरकुर, मंग चूप."

हे मात्र फ्रीजच्या भोवती एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "पाह्य, भावानं देल्ला, ठेव. पण बिल वाढलं तं हा जाईन. मंग माह्यावर रुसू नको."

मी कबूल केलं, कारण माझ्या डोक्यात तेव्हाच उन्हाळा होता. बर्फाच्या कांड्या! प्लास्टिकच्या लांब नळीत सरबत भरायचं, नळीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचं आणि वरच्या खणात आडव्या लावून द्यायच्या. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, दुपारी रस्त्यावर कुत्रंही सावलीचा हिशोब करून चालतं. अशात कांडी कोण नाही घेणार? कापूस जे देत नव्हता ते मी बर्फातून काढीन, असं माझं गणित. पोरींच्या शाळेचं, घरच्या तेलामिठाचं तरी सुटेल. फ्रीज राहिला तर, बरं का. सगळं त्या एका 'तर'वर टांगलेलं होतं.

आत्याबाई माझ्या बाजूनं. म्हणाली, "फ्रीजचं वाढलं तं दुसरीकडचं कमी करू. दिव्यातून काढू." थंडीची बिलं कशीबशी निभली आणि होळीच्या तोंडावर एके दिवशी ती खालाला घेऊन बाजारात गेली. इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन म्हणाली, "भाऊ, कमी खाणारा बल्ब दे." दुकानदारानं छोटा, लिंबाएवढा बल्ब पुढं केला. "हा घ्या माय, झिरोचा."

"झिरोचा म्हणजे?"

"म्हणजे झिरो. रात्री लावून झोपा, काही नाही होत."

आत्याबाईला शाळा ठाऊक नव्हती, पण झिरो ठाऊक होता. धाकटी नात गणिताचा पेपर घेऊन आली तेव्हा तिला विचारलं होतं, हा गोल कायचा वं? तर पोरगी खाली मान घालून म्हणाली होती, "झिरो आहे आजी. झिरो म्हणजे काही नाही." ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ज्याचं नावच 'काही नाही', त्याला बिल कुठून येणार?

तिनं लाल, हिरवा, निळा, पिवळा, जे रंग होते ते सगळे आणले. पिशवी अंड्यांसारखी सांभाळत आली. बैठकीत, माजघरात, सयपाकघरात, मोरीत, ओट्यावर, देवापुढं, धान्याच्या कोठीमागं, जिथं जिथं होल्डर होता तिथला मोठा बल्ब निघाला आणि झिरो लागला. जिथं होल्डर नव्हता तिथं नवा बसवून घेतला. संध्याकाळी सगळी बटणं दाबली आणि आमचं घर असं दिसायला लागलं जसा गावात उरूस भरला. सयपाकघर हिरवं, त्यात माझी भाकर हिरवी. बैठक लाल. खाला दारात आली आणि म्हणाली, "या अल्लाह! लग्न कोणाचं हाये?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, फौजदार आता काय करतो? हे माजघरातला पिवळा बल्ब पाहत उभे. "झिरो हाये नं?" एवढंच विचारलं. "हाव, झिरोच." "मंग राहू द्या. झिरोले काय लागते." झालं! ज्यांनी माशी उडाली की पंखा बंद केला त्यांच्या घरात आता बटण बंदच होईना. रात्री चालू, दिवसा चालू. आत्याबाईनं फर्मान काढलं, झिरोचं बटण कोणी दाबायचं नाही, घासते बिचारं. मला कधी शंका आली नाही का? नाही आली. आमच्याच काय, साऱ्या गावात कोणाला आली नव्हती. झिरो म्हणजे झिरो.

होळी झाली, ऊन तापलं आणि मी कांड्या सुरू केल्या. गुलाबाच्या, लिंबाच्या, काळ्या खट्ट्याच्या. पहिल्या दिवशी दोन्ही पोरींनीच अर्ध्या संपवल्या. पण मग शाळेतून येणारी लेकरं, स्टेशनवरून येणारे पाहुणे, कापसाच्या जिनिंगमधले हमाल, खालाच्या घरी गाद्या न्यायला आलेली माणसं, सगळे आमच्या ओट्याशी थांबायला लागले. एक म्हातारेबुवा रोज यायचे, दात एकही नाही. म्हणायचे, "बाई, जगात चावून खायाच्या गोष्टी बहू झाल्या, हे एक माह्यासाठी निघालं." आणि फ्रीज काय एकट्या माझा राहिला? खालाच्या बकरीचं दूध त्यात, शेजारच्या बाळंतिणीचं औषध त्यात, कोणाची भिजवलेली कणीक, कोणाचा गजरा. उघडला की गल्लीतली सगळी घरं एका जागी दिसायची. रीत इथंही पाळली जायची. दूध न्यायला खाला आली की वाटीत काही ना काही ठेवून जायची.

आणि मग बिल आलं.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. ह्यांनी हात कपाळाला लावला आणि तो तिथंच ठेवला. इतकं बिल आमच्या घरात कधी आलं नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "बसस्टँडवरचा रसवंतीवाला फ्रीज मांगून राह्यला कवापासून. त्याले रविवारी बोलावतो."

"ओवाळणी हाये ते," मी म्हटलं.

"माहीत हाये मले. पण लाईन कापून नेली तं ओवाळणीत कपडे ठेवशीन काय?"

मी बिलाची घडी घातली. आत्याबाई उठली. जाता जाता फ्रीजवर हात फिरवला आणि म्हणाली, "खादाड निघाला लेकाचा."

रविवारी सकाळी रसवंतीवाला ढकलगाडी घेऊन आला, सोबत एक माणूस. मी फ्रीज रिकामा केला होता. उरलेल्या कांड्या गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या होत्या, त्यामुळे ओट्यासमोर लाल-काळ्या जिभांची सभाच भरली होती. माझ्या डोळ्याला पदर, पण पोरांना वाटलं मी घामच पुसते आहे. ह्यांनी पिन काढली. फ्रीज एकदा थरथरला आणि गप्प झाला. चौघांनी उचलून तो ओट्यापर्यंत आणला. खाला आपलं दूध घ्यायला आली होती. पातेलं हातात धरून ती ओट्यावरच्या मीटरपाशी टेकली, कारण तिथं थोडी सावली असते.

आमचं मीटर जुनं, काळं. त्यात चांदीच्या रंगाचं चक्र, चक्राला एक लाल खूण. खूण फिरत आली की समजायचं, गेलं काहीतरी आपल्या खिशातून.

खाला म्हणाली, "अवं, फ्रीज तं बंद हाये नं?"

"पिनच काढली खाला. बाहेर दिसून राह्यला नं तुले."

"मंग हे चक्रं कोणासाठी फिरून राह्यलं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. चक्र फिरत होतं. अगदी मजेत. लाल खूण आली, गेली, आली.

ह्यांचा चेहरा एकदम पेटला. "आकडा! कोणीतरी आपल्या तारेवर आकडा टाकला!" आणि चप्पल न घालता भिंतीवर चढले. वरून म्हणतात, "खाला, ही तार तुमच्याकून येऊन राह्यली काय?"

खालानं पातेलं खाली ठेवलं. कमरेवर हात. "ए बाबू! माह्या घरी सकाळपासून लाईन नाही, आज आमच्या बाजूची पाळी हाये. बिनलाईनीची चोरी कशी करते थे मले शिकव, मीपण शिकीन!"

पोरं हसली, रसवंतीवाला हसला, हे भिंतीवरून उतरले. "मंग काय चालू हाये घरात? पंखे बंद, कूलर बंद, टीव्ही बंद."

आत्याबाई दारातून म्हणाली, "काहीच चालू नाही. नुसते झिरो हायेत."

"झिरोचं सोडा माय," रसवंतीवाला म्हणाला. "झिरोले काय लागते."

"तेच तं," हे म्हणाले.

"तेच," खाला म्हणाली.

आणि आम्ही सगळे परत चक्राकडे पाहायला लागलो. ते फिरतच होतं. आता मला वाटतं, आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात तेव्हा तीच गोष्ट आली असेल, पण बोलायची हिंमत कोणाची नव्हती. इतक्या दिवसांचा झिरो, त्याच्यावर संशय कसा घ्यावा? मी म्हटलं, "पाहून तं घेऊ." आणि आत जाऊन मोरीतला निळा बंद केला.

बाहेरून खालाचा आवाज, "काही नाही झालं... थांब थांब, हळू झालं वाटते!"

मी सयपाकघरातला हिरवा बंद केला. "हळू झालं, हळू झालं!" कोठीमागचा बंद केला. पोरं ओरडायला लागली. बैठकीतला बंद केला. "रखडून राह्यलं आता!" ओट्यावरचा बंद केला. माजघरातला पिवळा बंद केला. खाला आता अशी ओरडत होती जशी बैलाची शर्यत पाहते आहे. "लंगडून राह्यलं वं! एकच पाय उरला!"

उरला होता देवापुढचा लाल. आत्याबाई त्याच्या बटणावर हात ठेवून उभी. "देवाचा नको बंद करू." मग बाहेर ओट्यावर उभ्या फ्रीजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, देवाला हात जोडले आणि स्वतःच बटण दाबलं.

बाहेर पोरं मीटरला चिकटली. मग खाला, अगदी हळू आवाजात, "थांबलं."

आत्याबाईनं बटण परत दाबलं. "फिरलं!" बंद केलं. "थांबलं!" परत लावलं. "फिरलं!" पोरांना तर असा खेळ कधी मिळालाच नव्हता. मी एक बल्ब काढला, त्याच्या डोक्यावरची धूळ पदरानं पुसली आणि वाचलं. बारीक आकडा होता. पंधरा.

"काय लिहिलं हाये?" आत्याबाई.

"पंधरा लिहिलं हाये, आत्याबाई."

"झिरो नाही?"

"झिरो कुठंच नाही."

तिनं तो बल्ब माझ्या हातातून घेतला, उन्हात धरला आणि म्हणाली, "लबाड! नाव सांगते उपाशाचं अन् खाते दिवसरात्र! हा बिचारा," फ्रीजला थाप मारून, "खाऊन घोरते तरी. आपल्याले समजते. हे मेलं मुकाट्यानं खाऊन राह्यलं होतं सारं कुटुंब मिळून!"

आणि हे हसले. तुम्हाला काय सांगू! आधी नाकातून फुस्स झालं, मग ओट्यावर बसले, मग पोट धरून हसले. कितीतरी महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. रसवंतीवाला हसतो आहे, खाला डोळे पुसते आहे, म्हातारेबुवा आले होते ते बिनदाताचे हसत आहेत, का ते त्यांना माहीतही नाही.

हसणं ओसरलं तेव्हा हे म्हणाले, "पण माय, रात्रीचं ठीक हाये. माजघरातला दिवसा कायले लावून ठेवत होती?"

आत्याबाई बल्बाकडेच पाहत होती. म्हणाली, "तू तिथं बसतं म्हणून."

"मले कायले पाह्यजे उजेड?"

"तुले नाही रे, मले पाह्यजे. तू अंधारात बसला की तुह्यं तोंड दिसत नाही मले. दिवस कसे आले हायेत, पाहतं नं आजूबाजूले? तोंड दिसलं की मी सयपाकघरातून पाहून घेतो, हाये, ठीक हाये. मंग भाकर थापतो. मले वाटलं फुकटचा हाये झिरो, कोणाले काय तकलीफ."

एक मालगाडी जायला लागली आणि तिचे डबे संपतच नव्हते, ते एक बरं झालं. ती गेल्यावर हे उठले. रसवंतीवाल्याला म्हणाले, "भाऊ, फ्रीज उतरव."

"उतरव म्हणजे? चढवला कुठी अजून?"

"तं मंग आत घेऊ लाग. ओवाळणी हाये थे. परत देत नसतात."

रसवंतीवाला चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं. "अन् मी गाडी घेऊन आलो, माणूस आणला, माह्या दुकानाचं काय? मले बर्फ पाह्यजे नं उसाच्या रसात!"

"बर्फ पाह्यजे का फ्रीज पाह्यजे?" आत्याबाईनं विचारलं.

त्यानं गाडीचा दांडा सोडला. "बर्फच पाह्यजे, माय."

"मंग सकाळी येजो अन् बर्फ इकत घेऊन जाजो. फ्रीज घरी नेऊन त्याचं बिल कायले भरतं? आमचा आम्ही भरू." आणि मला म्हणाली, "डबे लाव वं वरच्या खणात."

असं ते ठरलं. ढकलगाडी रिकामी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बर्फ न्यायला यायला लागली. त्या उन्हाळ्यात नांदुऱ्याच्या बसस्टँडवर जो रस प्याला असेल त्यानं आमच्या घरचा बर्फ खाल्ला आहे. पुढच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा मी वाचलं, आणि ह्यांचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथून खाजवून परत आला. पुढं काही वर्षांनी रोजे सरकत सरकत उन्हाळ्यात आले तेव्हा खालाच्या घरी संध्याकाळी आमच्याच फ्रीजचा बर्फ जायचा, आणि भांडं परत यायचं ते फळांनी भरून. गल्लीत आजही त्या बल्बाला झिरो कोणी म्हणत नाही. म्हणतात, "पंधरा लाव." दुकानात नवा माणूस असला की त्याला समजत नाही.

पण मला सांगायचं होतं ते माजघराचं. फ्रीज आत गेला त्याच आठवड्यात हे शिडी घेऊन छपरावर चढले. खडखड, ठोकठोक, आमच्या डोक्यावर गंज पडतो आहे. "काय करून राह्यले तुम्ही?" म्हटलं तर वरून आणखी एक ठोका. माजघरावरचा एक टिनपत्रा त्यांनी काढला आणि त्या जागी आरपार दिसणारा पांढरा पत्रा बसवला, गाईच्या गोठ्यावर लोक बसवतात तसा. आणि खाली उजेड पडला. माजघराच्या मधोमध, घोंगडीएवढा. कोठीमागचं जाळं दिसलं, हरवलेली पोरींची कंपासपेटी दिसली, भिंतीवर गेलेल्या सासऱ्यांनी पुसलेली चुन्याची बोटं दिसली.

हे खाली उतरले, केसांत सगळा गंज, आणि त्या उजेडाच्या घोंगडीवर जाऊन बसले. "माय, पाह्य. दिसते काय तोंड?"

आत्याबाई सयपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, चांगलं पाहिलं. मग वर पत्र्याकडे पाहिलं.

"हा कितीचा हाये?"

"हा झिरोचा, माय. खरा झिरो."

आत्याबाईनं पिठाचे हात झटकले. पदर खोचला, बैठकीतून ओट्यावर गेली आणि मीटरसमोर उभी राहून चक्र पाहायला लागली.